डार्लिंग्टन, श्रवणकक्ष दोन

फायलीत आधीच कुणीतरी लिहून ठेवलंय: स्फोट.
डॅरेन ब्लेंकिन्सॉप, वय एकोणपन्नास, माजी सैनिक.
रिसेप्शनवरची मॉरीन माझ्या कानाशी लागते,
‘जरा जपून हं, हा तसल्यांपैकी आहे,’
मग त्याच्याकडे वळून, सगळे दात दाखवत,
पार्किंग फुकट करून देते.

मीही काही वेगळी नाही.
मोठ्यानं बोलते, सावकाश बोलते,
दार मुद्दाम अर्धं उघडं ठेवते,
आवाजानं दचकेल म्हणून
हातातलं पेनसुद्धा आवळून धरते.
पेन पडतं.
तो वाकून उचलून देतो.

‘बॉम्ब?’ मी विचारते, बोट फॉर्मवरच्या चौकोनापाशी.
‘जनरेटर.’

तो पाव भाजायचा.
आधी बसऱ्याला, मग हेल्मंडला,
रात्री दोनला उठून सहाशे माणसांचा पाव.
भट्टीच्या तंबूला लागून जनरेटर,
जनरेटरला लागून त्याची खाट.
‘माझे कान डिझेलनं खाल्ले,’ म्हणतो,
कुणाची तक्रार करावी तसं नाही,
घरात उंदीर झालेत म्हणावं तसं.
जनरेटरला फॉर्मवर चौकोन नाही.

पबमध्ये कुणीतरी ग्लास पुढे सरकवतं
आणि तिसऱ्या घोटाला विचारतं,
किती?
बाराशे, तो सांगतो. रोज. सुट्टीच्या दिवशी गोड पाव वेगळे.
ते एकमेकांकडे बघतात. लपवतोय बिचारा.
बायकोची बहीण पोरांना त्याच्यापाशी एकटं ठेवत नाही,
पण शाळेच्या कार्यक्रमाला त्याची पदकं मागून नेते.
बेकरीच्या मॅनेजरनं मुलाखतीत विचारलं,
भट्टीची धग चालेल ना तुम्हाला, म्हणजे, आठवणी वगैरे?
नोकरी दिली नाही.
निरोप देताना हात मात्र दोन्ही हातांत धरला.
पाच नोव्हेंबरच्या आधी शेजारी दारातून चिठ्ठी सरकवतात:
फटाक्यांबद्दल आगाऊ क्षमा.
त्याला फटाके आवडतात.
हे एकदा त्यानं सांगूनही पाहिलं.
किती धीराचा, म्हणाले.

मला पुढे काय विचारावं सुचेना
म्हणून मी माझंच रडगाणं गायले:
इथल्या थंडीत आंबोळीचं पीठ फुगत नाही,
सतरा वर्षं झाली, नुसतं बसून राहतं, रुसलेल्या पाहुण्यासारखं.
तो पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकला.
भांडं कुठलं? झाकण घट्ट का? मीठ आधी घालता की नंतर?
बॉयलरच्या कपाटात ठेवा, वरच्या फळीवर,
आणि सारखं उघडून बघू नका.
पिठाला, तो म्हणाला, कुणी बघत बसलेलं आवडत नाही.

मग तो काचेपलीकडे, पाठमोरा, हेडफोन लावून.
सूर ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच.
आलेख सरळ चालत येतो
आणि चार हजारापाशी विहिरीत पडतो.

आज अकरा तारीख, हे माझ्या लक्षातच नव्हतं.
कॉरिडॉरमधल्या स्पीकरनं सांगितलं,
दोन मिनिटांची शांतता.
ट्रॉल्या थांबल्या. मॉरीन उभी राहिली, कोटावर कागदी लाल फूल.
मीही यंत्रावरचा हात काढला.
इंग्रजीत आवाज नसण्याला एक शब्द आहे,
लढाई नसण्याला दुसरा.
आपण दोन्हीकडे एकच चालवतो.
मला ती आजवर आपली काटकसर वाटायची.

त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगून ऐकू गेलं नसतं.
अख्खं गाव त्याच्यासाठी गप्प उभं होतं
आणि माझ्यासमोरचा हिरवा दिवा लागला.
त्यानं बटण दाबलं होतं.
पुन्हा दाबलं.
मग दाबूनच धरलं.

मी काहीही वाजवलेलं नव्हतं.

अशा दाबण्याची नोंद करायची नाही, असा नियम आहे.
मी वेळ लिहिली: अकरा वाजून एक मिनिट.