चौथ्या आठवड्यातला अंदाज

पहिल्या तासाला एकोणचाळीस जण होते.
त्यांना बोलणारा यंत्रमानव हवा होता.
मी फळ्यावर रस्ते काढले.
चौथ्या आठवड्यात उरले बावीस
आणि एक हीटर, फक्त पुढच्या बाकाला ओळखणारा.

नारिन ते ओश.
मध्ये गावांचे ठिपके, ठिपक्यांमध्ये अंतरं.
यंत्राला डोळे नाहीत, म्हटलं,
प्रत्येक नाक्यावर ते दोन आकडे मिळवतं:
किती चाललो, नि किती उरलं असेल.
पहिला आकडा हिशेब. दुसरा अंदाज.
अख्खी अक्कल काय ती त्या दुसऱ्यात.

"बाई, काझारमानचा रस्ता पुसा,"
शेवटच्या बाकावरून एर्मेक.
"खिंड परवाच बंद झाली.
बाबा कांदे घेऊन वळशाने येताहेत."
पुस्तकातल्या नकाशात बर्फ पडत नाही.
मी रस्ता पुसला, बाहीनेच.
उत्तर दुप्पट लांब झालं.

मग नियम सांगितला, परीक्षेत हमखास येणारा:
अंदाज खऱ्याहून कमी चालेल,
जास्त एकदाही चालणार नाही.
कमी सांगितलं तर यंत्र थोडं वणवणतं,
पण नेमक्या वाटेने पोचतं.
जास्त सांगितलं
तर चांगली वाट दारातूनच परत पाठवतं.

सालतानात खुदकन हसली.
"उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात जाताना
आई हेच करायची.
हे काय, आलंच. त्या सोंडेमागे.
सोंडेमागे दुसरी सोंड."
"मग पोचायचात का?"
"दरवर्षी."

पाठात नसलेलं वाक्य मी फळ्यावर लिहिलं:
आईचा अंदाज ग्राह्य.
बाविसांनी ते उतरवून घेतलं,
कुणीकुणी खाली दोन रेघाही मारल्या.

"आणि दर वेळी शून्यच सांगितलं तर?"
पुन्हा एर्मेक.
चालेल. शून्य कधी खऱ्याहून मोठं नसतं.
पण शून्याला दिशा नसते, बाळा.
यंत्र मग चहूकडे सारखंच चाचपडतं,
दिवे गेल्यावर काडेपेटी शोधणाऱ्या हातासारखं.
पोचतं.
फार उशिरा पोचतं.

तास सुटल्यावर तो फोन घेऊन खिडकीशी गेला.
पलीकडे आधी वारा, मग इंजिन,
मग एक दमलेला आवाज, मलाही ऐकू येईल इतका मोठा:
"हा काय, आलोच."

एर्मेकने वहीच्या कोपऱ्यात काहीतरी मोजलं,
सरळ रेषेत, पक्ष्याला पडेल तेवढं.
मग खोडलं.
मग पुन्हा लिहिलं, जरा कमी करून.

मी फळा पुसला नाही.
पुढचा तास भूगर्भशास्त्राचा,
त्यांना रस्ते लागतीलच.