वीस काय?

डिचोलीच्या शाळेत प्रयोगशाळेच्या किल्ल्या
सव्वीस माझ्याकडे.
सव्वीस वर्षं म्हणायचं होतं. किल्ल्या चारच.

आज स्प्रिंगचा तास.
दोनशे ग्रॅमचं वजन अडकवलं,
स्प्रिंग दहा सेंटीमीटर उतरली, थांबली.
युगंधा च्यारीने आणखी जरा ओढून सोडली.
खालीवर, खालीवर,
पापणी लवते न लवते तोच एक फेरा.

वहीत मात्र तिने दोनशे तसेच टाकले.
बलस्थिरांक न्यूटन दर मीटर,
वस्तुमान ग्रॅममध्ये,
एकाच वर्गमुळाच्या छपराखाली
एकमेकांची भाषा न कळणारी दोन बिऱ्हाडं.
उत्तर आलं वीस.
नुसतं वीस.

आवेलीन टीचर रागावत नाहीत.
"वीस काय गो? नारळ?"
"सेकंद, टीचर."
"बरं. मग मोज."

पुन्हा ओढली, सोडली. सगळे घड्याळाकडे.
बाहेर बसस्टँडवर कंडक्टर
म्हापशां म्हापशां म्हापशां ओरडून दमला,
मागे घेतलेली बस अर्धी वळली,
स्प्रिंग तोवर जवळजवळ बत्तीस वेळा खालीवर.
"तुझ्या वहीतली स्प्रिंग," टीचर म्हणाल्या,
"आता कुठे पहिला फेरा संपवते आहे."

वर्ग हसला. ती नाही.
तिचे वडील सोनार.
काट्यावर सोनं असलं की घरात पंखा लावत नाहीत.
तिने खोडरबर मागितलं नाही.
दोनशेवर एक रेघ मारली, वर लिहिलं शून्य दशांश दोन,
आणि शेजारी, जागा नसताना, किलोग्रॅम.
मग शून्य दशांश सहा तीन.
'सेकंद' आकड्याहून मोठ्या अक्षरांत.

वजनं पेटीत ठेवताना मीही हसत होतो,
पण मला कुठला अधिकार?
गेल्या महिन्यात स्विंडनहून कायतानचा फोन,
आम्ही एकाच बाकावर नापास झालेले.
"माझी साखर नऊ रे. तुझी?"
माझी एकशे बासष्ट.
महिनाभर अर्धा भात खाल्ला
आणि पूर्ण नवाचा हेवा केला.
मग त्याने रिपोर्टचा फोटो धाडला.
आकड्यामागे मुंगीएवढ्या अक्षरांत
माप वेगळंच.
टीचरनी नवाला अठराने गुणून दाखवलं.
एकशे बासष्ट.

संध्याकाळी फोन लावला.
"कायतान, आपण अजून एकाच बाकावर."
तो खूप वेळ हसला.
मग म्हणाला, इथे आज दोन आहे.
मी लगेच विचारलं, दोन काय?

लाइन थोडी खरखरली.
"अंश रे.
रस्त्यावर माणसंसुद्धा तेवढीच."