खोटी खरखर

ओस्टगार्ड म्हणाला, पाच वर्षांचा अंदाज हवा, शुक्रवारपर्यंत.
इंटरनेटवर चालणारे घरचे फोन:
किती घरं घेतील, किती सोडतील,
तांब्याची तार अजून किती तग धरेल.
बाजारात तुरी म्हणतात त्या ह्याच.
मी बरं म्हटलं.
खिडकीखाली सरोवर गोठत होतं,
काठाकडून आत, कसलीही घाई नसल्यासारखं.

डुलुथच्या चढावरची बेचाळीस घरं केली.
महिन्याला वीस डॉलर वाचतात, हे सगळ्यांना पटतं.
एका पोराने विचारलं, घरचा फोन म्हणजे कुणाचा?
त्याचं उत्तर मी ‘माहीत नाही’च्या रकान्यात टाकलं,
खरं तर प्रश्न त्याचा होता.

व्हर्ना लाह्ती, वय एक्क्याऐंशी.
स्वयंपाकघरात मोहरीच्या रंगाचा फोन,
त्याची वेटोळी दोरी ताणून ताणून सैल झालेली.
म्हणाली, मोठ्या वादळात तीन दिवस वीज नव्हती,
दार उघडलं की समोर बर्फाची भिंत,
पण हा बोलत होता.
याचा घास तारेतूनच येतो.
तुमची ती डबी काय खाते?
घरातली वीज, मी म्हणाले.
मग ती माझ्याआधी मरेल,
असं म्हणून तिने मला न विचारता कॉफी ओतली.

डेल पेकोनेनने डबी उचलली आणि भावाच्या घरी राहायला गेला.
नंबर तोच. डबीला ठाऊक असलेला पत्ताही तोच, जुना.
छातीत कळ आली तेव्हा
अँब्युलन्स तीन मैलांवर एका रिकाम्या घराचं दार ठोठावत होती.
वाचला. सांगताना अजून हसतो.
कंपनी बदलली का?
छे, स्वस्त पडते.
(‘समाधानी’ की ‘अतिशय समाधानी’,
यावर त्याने बराच विचार केला.)

मग पाओ शिआँग, तंत्रज्ञ, गाडीच्या बॉनेटवर सँडविच ठेवून:
जुन्या तारेत शांतता अशी नसायचीच,
काहीतरी बारीक शिजत असायचं मागे.
नव्यात कुणी बोलत नसलं की आम्ही काहीच पाठवत नाही,
उगाच जागा कशाला अडवायची?
पण माणसं घाबरली.
हॅलो, हॅलो, आहेस का, आणि ठेवून दिला.
म्हणून आता खरखर डबीच तयार करते,
तुमच्याच घरात, तुमच्याच कानाशी.
नाव काय तिचं?
दिलाशाचा आवाज, तो म्हणाला, आणि लोणच्याची काकडी
काढून बर्फात फेकली.

शुक्रवारी आलेख दिला.
तीन वर्षं चढ, मग पठार,
मग मोबाइल सगळं गिळेल तो उतार, तुटक रेषेत,
कारण उतार कुणालाच ठळक नको असतो.
व्हर्ना ‘इतर’मध्ये गेली, अर्ध्या टक्क्याहून कमी.
ओस्टगार्डला पठार आवडलं.

रात्री हेल्मीला फोन लावला, थंडर बेला.
अकरा महिन्यांनी. वडिलांच्या होडीवरून बिनसलं होतं.
विकलीस?
विकली.
कितीला?
तिने आकडा सांगितला. कमी होता.
मी काही बोलले नाही. तीही नाही.
आणि ती सुरू झाली, सौम्य, एकसारखी,
लांबून कुणीतरी तांदूळ पाखडावेत तशी.
एरवी मी म्हटलं असतं, हा तिचा श्वास,
हे तिच्या घरातलं हीटर,
हा आमच्यामधला पाण्याचा सगळा विस्तार.
आज माहीत होतं की ती
चपलांच्या फळीवरच्या हिरव्या दिव्याच्या डबीतून येतेय,
माझ्यापासून चार हातांवर, माझ्याच विजेवर.
पलीकडे हेल्मी असेल,
किंवा टेबलावर ठेवलेला फोन आणि रिकामी खुर्ची.
ह्याचा अंदाज मला बांधता येईना.

किती वेळ गेला कोण जाणे.
मग तिकडे कुणीतरी नाक ओढलं.

सर्दी झालीय? मी विचारलं.
मंगळवारपासून, ती म्हणाली.