असोळण्यातला पहिला

कपाट उघडून देताना मिंगेल म्हणाला,
पानं हलक्या हाताने उलटा,
वाळवीने शाई ठेवलीय, कागद खाल्लाय.

एकोणीसशे अठरा. सप्टेंबरपर्यंत
महिन्याला तीन, फार तर चार.
म्हातारपण, बाळंतपण,
माडावरून पडलेला एक रेंदेर.

मग ऑक्टोबर.
पाद्रीचं टपोरं अक्षर आडवं होत जातं,
मग आखूड,
मग वय लिहायचंच राहतं.
एकोणिसाव्या ओळीनंतर हात बदलतो.
विसाव्या ओळीत
आधीच्या पाद्रीचं नाव.

मी विसाव्यापासून उलटा चालत जातो.
पहिला : इनास रिबेल, तारवटी, वय सव्वीस.
बसऱ्याहून बोटीने मुंबई,
धोबीतलावला गावच्या कुडीत चार रात्री,
दाटीवाटीच्या ट्रंकांमधल्या चटईवर.
मग मुरगाव. मग साळ नदीतून होडी.
बहिणीच्या लग्नासाठी आणलेलं कापड
न फाडता परत घडीला गेलं असेल.

सापडला, असं मी वहीत लिहितो.
खाली दोन रेघा ओढतो.

पण त्याच रात्री, नदीपलीकडे,
इनासला कधी न पाहिलेली
कासिल्द आणि तिची दोन पोरं.
दोन्ही काठांना कोण जातं रोज?

होडीवाला शाबी, मिंगेल म्हणतो,
पण तो देवळाकडचा,
या पुस्तकात कसा असेल?
आणि पदेर. बोस्त्यांव.
आजा सांगायचा, त्या आठवड्यात
काठीच्या खुळखुळ्याआधी
त्याचा खोकलाच यायचा दारात.
तीन दिवस पाव आला नाही.
चौथ्या दिवशी आला.

मी पानं उलटत राहतो.
अठरा, एकोणीस, तीस, चाळीस.
बोस्त्यांव भेटतो तो छप्पन्न सालात :
वय ऐंशी, म्हातारपण.

आणि त्याच्याही आधी कोण शिंकलं,
कुठल्या धक्क्यावर,
कुणाचा हात कुणाच्या हातात होता,
आणि संध्याकाळी बरं वाटून जेवायला बसला,
त्याची ओळ कुणी लिहिलीच नाही.

घंटा? मी विचारलं.
बंद ठेवली होती, मिंगेल म्हणाला.
ऐकून ऐकूनच लोक मरायला लागले होते.

दोनपैकी एक रेघ मी खोडली.
दुसरी राहू दिली.

बाहेर सायकलचा भोंगा, पोंऽ पोंऽ.
चार पाव घेतले. सुटे नव्हते,
त्याने माझ्या तळहातावर मोजून ठेवले,
ओलसर, अजून कोमट.