शून्याचं तिकीट

खानापूर डेपोला पहिला अर्ज दिला मराठीत.
"कन्नडात आणा," म्हणाले.
दुसरा हिरेमठ टीचरनी कन्नडात लिहून दिला.
त्यावर शिक्का बसला, पुढं काही नाही.

मागणी एवढीच, की सहाची गाडी
फाट्यावरून मागं न वळता गावात यावी.
अडीच किलोमीटर. मध्ये ओढा,
आणि दिवस बुडाला की गवे.

बायकांना तिकीट शून्य रुपयाचं.
यल्लूबाई गुरव ते फेकत नाही,
तंबाखूच्या डब्यात घडी घालून ठेवते.
म्हणते, फुकट आणतात नि अर्ध्यात सोडतात,
उरलेल्या वाटेचं तिकीट कोण फाडणार?

तिसरा अर्ज तिचा.
वहीची चार पानं, पाठपोट
नुसती तिकिटं चिकटवलेली. अक्षर एक नाही.
मॅनेजर पानं उलटत राहिला,
मग कन्नडात विचारलं, "गवे किती असतात?"
ती मराठीत म्हणाली, "मोजायला थांबतंय कोण?"

सोमवारपासून गाडी ओढ्यापर्यंत येते.
ड्रायव्हर दिवे चालू ठेवून उभा राहतो
शेवटची बाई पलीकडची चढण चढेपर्यंत.
पूल आमच्या खात्यात नाही, म्हणतो.

यल्लूबाईनं नवी वही घेतलीय.