साडेदहापर्यंतचं पाणी

बिरकत अल मौज. पाटीवरची अक्षरं
परकारभाईंनी लावून वाचली, आणि आम्ही मराठीत हसलो.
मौज म्हणजे केळं, भाई म्हणाले, केळीचं तळं.
असेना. शुक्रवार होता,
बरक्याच्या प्लांटवरची माझी रात्रपाळी नुकती उतरलेली,
हेमलताच्या पिशवीत धपाटे,
आणि सिरिलच्या खांद्यावर अकरा किलोंचं कलिंगड,
रूवीपासून सीटबेल्ट लावून आणलेलं.

फलज म्हणजे पाट.
दीड हात रुंद, डोंगराच्या पोटातून निघालेला.
त्याच्या कडेनं चालायचं तर एक पाऊल दुसऱ्यासमोर,
डावीकडे खजुरांचे शेंडे,
उजवीकडे मातीची पडकी घरं,
ज्यांच्या दारांतून आता फक्त ऊन ये-जा करतं.
कुणी बोलत नव्हतं. पाणीही नाही.
उतार इतका हलका की एक पान
आमच्याच चालीनं बरोबर आलं,
हेमलता फोटोला थांबली की पुढे जायचं
आणि वळणावर जरा घुटमळायचं.

साक्रीकडे, पांझरेच्या काठी, नाना पाटकरी होते.
फडाचं पाणी कुणाला किती
हे त्यांच्या खिशातल्या लाल वहीत,
वही विसरली तर देवळाच्या भिंतीवरच्या सावलीत.
मी शिकलो. समुद्र गोड करायच्या कारखान्यात लागलो.
तिथं पाण्याला दाब आहे, मीटर आहे,
पाळी फक्त माणसांना.

दहा वाजून गेल्यावर सिरिलनं
कलिंगड पाटात सोडलं, गार व्हायला.
वसईचा माणूस, विहिरीत फळ सोडायची सवय.
विहीर फळ सांभाळते.
पाटाला जायचं असतं.
दगडी तोंडाशी ते क्षणभर अडकलं,
पाणी काठावरून आमच्या बुटांत आलं,
आणि गुडुप.
पुढे परकारभाई, साठीतले, पँट गुडघ्यापर्यंत,
धरा रे तेला, धरा, म्हणत धावताना,
मागे आम्ही, बेडकांनाही लाज वाटेल असे.

केळीच्या बागेत एक म्हातारा
दार धरून बसला होता.
दार म्हणजे चिंध्यांचा बोळा आणि चपटा दगड.
आमच्याकडेही असंच.
मांडीवर कलिंगड,
जत्रेत कुणाचं पोर सापडावं तसं.
भाईंनी अरबीत माफी मागितली.
तो बराच वेळ बोलला. भाई हसू दाबत म्हणाले,
म्हणतोय, साडेदहापर्यंत पाणी त्याचं.
पाण्यातून आलेलंही त्याचंच.
म्हणतोय, नशीब समजा.
जरा उशिरा सोडलं असतंत तर खालच्या झुवैनाचं झालं असतं,
आणि ती फोडसुद्धा देत नाही कुणाला.

मग त्यानं कमरेचा सुरा काढला.
पाच फोडी आमच्या आणि त्याच्या,
सहावी केळीच्या पानावर, वेगळी.
ती कुणाची हे आम्ही विचारलं नाही.
सिरिलनं घड्याळ पाहिलं,
म्हाताऱ्यानं काठीची सावली.
दोघांत तीन मिनिटांचा फरक निघाला.
घड्याळ मागे आहे, म्हातारा म्हणाला.

त्याचे गुडघे करकरले तेव्हा मी हातानं विचारलं,
मी करू?
नानांनी मला कधी दार धरू दिलं नव्हतं.
तू हात ओले नको करू, म्हणायचे, तू शीक.
बोळा जड होता, शेवाळलेला,
एखाद्या जनावराच्या पाठीसारखा उबदार.
ओढला तसं पाणी आधी थबकलं,
जणू माझी ओळख पटवत,
मग मनगटांवरून वळून खाली निघालं.

आमच्या थुंकलेल्या बियाही निघाल्या त्याच्याबरोबर,
काळ्या, एकामागून एक,
झुवैनाच्या पाण्यातून, झुवैनाच्या वाफ्याकडे.
थोड्या वेळानं खालून एका बाईचा आवाज आला,
लांब, प्रश्नासारखा.
म्हातारा फोडीत तोंड घालून बसला.
भाईंनी भाषांतर केलं नाही.