सतरावी पायरी

एकतीस वर्षं उपकेंद्रात काढली.
रात्री-अपरात्री, चिखलात चपला हातात धरून गेले,
आणि कुणी चहा पुढं केला तर म्हणाले,
"नको, उशीर होतोय."
उशीर होत नव्हता.
घेणं जमत नव्हतं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर
शेजारची द्वारका डबा आणायची.
संध्याकाळच्या आत मी तो
साखर नाहीतर शेंगदाणे भरून परत धाडायचे.
उधारी नको अंगावर.

चैत्रात गावानं बारव उपसायला काढली.
दोन पिढ्यांचा गाळ.
बाभळीची खोडं, सायकलचं चाक,
गणपतीच्या आराशीचा थर्माकोल.
मी बघायला गेले. फक्त बघायला, काठी टेकत.

वरपासून तळापर्यंत माणसांची साखळी:
इस्माईल वेल्डर, आश्रोबा, नववीतल्या पोरी,
आणि बांधावरून तीन वर्षं न बोलणारे
ते दोघं चुलतभाऊ, शेजारी-शेजारी.
भरलेलं घमेलं वर, रिकामं खाली.
घमेलं घेऊन कुणीच चालत नव्हतं,
तरी घमेलं चालत होतं.

मुंजा खालून ओरडला, "सिस्टर, उतरा की!"
म्हटलं, "मला नाही जमायचं."
तो वर आला,
चिखलाचा हात पँटीला पुसून पुढं केला.
ह्या हाताची मूठ मी उघडलेली आहे,
सेलूच्या रस्त्यावर, बैलगाडीत, भाऊबीजेच्या रात्री.
पायाळू जन्मला. रडेचना.
पाठीवर थापट्या मारून रडवला.
गाव म्हणतं, पायाळूला जमिनीखालचं पाणी दिसतं.
मला तर तेव्हा नुसतं निळं पडलेलं लेकरू दिसत होतं.
तोच आता म्हणतो,
"कामून भेता? धरा. सोडीत नाही."

मी धरला.
हे लिहायला एक ओळ पुरते.
तिथं सोळा पायऱ्या लागल्या.

सतराव्या पायरीवर मला बसवलं,
आणि पायरी मोकळी कशाला म्हणून साखळीत घेतलं.
घमेलं मांडीवर यायचं, मी वळून वर द्यायचे.
पहिल्या दहांतच पदर गेला,
मग मोजायचं सोडलं.
कुणीतरी ओंजळीत पाणी ओतलं.
प्याले.

दुपारी खालच्या कोनाड्यात
फावडं दगडावर वाजलं.
द्वारकानं बोटांनी गाळ काढला,
लेकराच्या कानामागचा मळ काढावा तसा.
आधी कंबर निघाली. मग वाकवलेला पाय.
हातभर उंचीची बाई, काळ्या दगडाची,
एका पायावर उभी,
आणि खाली बसलेली एक बुटकी आकृती
तिच्या तळव्यातला काटा काढत होती.
बाईनं तोल सावरायला
तिच्याच डोक्यावर हात टेकला होता.
चेहऱ्यावर लाज नव्हती,
उपकाराचं ओझंही नव्हतं.
बहुतेक हसत असावी.
नाक तुटल्यामुळं नक्की कळत नव्हतं.

साखळी थांबली. थांबा असं कुणी म्हटलं नाही.
घमेली ज्याच्या त्याच्या हातात राहिली.
आश्रोबानं टोपी काढली,
का काढली ते न कळून परत घातली.
एक पोरगी हळूच म्हणाली,
"बांगड्या बघा तिच्या."
मोजल्या. सात.
आठ-आठ महिने पाण्याखाली राहणाऱ्या कोनाड्यात
कुणीतरी बसून सात बांगड्या कोरल्या होत्या,
मनगटाच्या आतल्या बाजूनंही.

अबोल्यातला थोरला म्हणाला,
"पाणी टाका जरा तिच्यावर."
धाकट्यानं कळशी दिली.

अकरा पायऱ्या अजून गाळात आहेत.
पोरी सांगतात, रविवारी पुन्हा जायचंय.
माझी जागा ठरलेली आहे म्हणे.

त्या रात्री द्वारकाच्या डब्यात
येसर होतं, ज्वारीची भाकरी होती.
जेवले. डबा घासून पालथा घातला.
चार दिवस झाले,
अजून माझ्याकडंच आहे.